ज्या दिवशी मी वाजले नाही

मित्रांनो, शाळेत तुम्ही मला रोज ऐकता, पण मी मुळात शाळेची नव्हे. मी एक जुनी काशाची हातघंटा. तुमचे आजोबा लहान असतील तेव्हा एका ओताऱ्याने मला साच्यातून काढले, कानाशी धरून वाजवले आणि तो म्हणाला, "गोड नाही बोलत, पण ठाम बोलते. हिला सभेत पाठवा."

अशी मी नगरसभेच्या लांब टेबलावर आले. तिथला नियम जुना होता. बोलणाऱ्याला पाच मिनिटे. अध्यक्षांनी तोंडाने कुणालाही थांबवायचे नाही. मी वाजले की बोलणाऱ्याने खाली बसायचे. भले भले वक्ते माझ्यापुढे गप्प झाले. त्याचा मला अभिमान होता, खोटे कशाला सांगू?

माझी देखभाल शिपाई असलेल्या मावशी करत. पाण्याचा घोट घेण्याआधी मला पुसायचे, हा त्यांचा नेम. संध्याकाळी कपाटात नेताना मी खणखणू नये म्हणून त्या माझ्या लोलकाला लोकरीची पट्टी गुंडाळत आणि सकाळी सोडत. एवढ्या वर्षांत त्या एकदाच विसरल्या.

त्या वर्षी मोठी मंदी आली. पंपांचा कारखाना बंद पडला आणि तीनशे माणसे घरी बसली. त्यांत मावशींची लेक आणि जावईही होते. नगरसभेने सरकारी कामे काढून या लोकांना रोजगार द्यावा, असा ठराव आला. सभेच्या सकाळी लेक म्हणाली, "आई, ठराव पडला तर उद्याच आम्ही दुसऱ्या शहरात निघतो. छकुलीला घेऊन. तिकडे काम मिळेलच असं नाही, पण इथे तर नाहीच नाही."

मावशींनी मला पुसले, मग पदराने डोळे पुसले. पट्टी तशीच राहिली.

सभागृह गच्च भरले होते. ठरावाविरुद्ध वकीलसाहेब उभे राहिले. "सरकारी काम म्हणजे काय? सकाळी एकाने खड्डा खणायचा, दुपारी दुसऱ्याने बुजवायचा!" हशा पिकला. अगदीच खोटे नव्हते ते; तसल्या खड्ड्यांच्या तक्रारी मीही त्या टेबलावर ऐकल्या होत्या. पाच मिनिटे झाली. अध्यक्षआजोबांनी मला जोरात हलवले. त्यांना ऐकू कमी येई, म्हणून मी वाजले असेच त्यांना वाटले. माझ्या पोटातून मात्र नुसते भुस्स!

वकीलसाहेबांनी तिरक्या नजरेने पाहिले आणि बोलतच राहिले. दहा मिनिटे, पंधरा मिनिटे. मुद्दे संपले, तोंड काही थांबेना. बाविसाव्या मिनिटाला म्हणाले, "या शहरात करायचं राहिलेलं एक तरी काम दाखवा!" आणि घाम पुसत बसले.

मग टर्नरबाई उठल्या. बंद कारखान्यात लेथ चालवणाऱ्या, पहिल्यांदाच निवडून आलेल्या. आवाज हळू.

"एकच दाखवू का, साहेब? पुलाचा कठडा मधोमध तुटलाय. तिथे दोरी बांधलीय, तीही माझी, कपडे वाळत घालायची. वेल्डर ती बघा, दाराशी उभी आहे." ती मावशींची लेक होती. "टाकीखाली आठ महिने डबकं साचलंय. पाइप बसवणारा वर गॅलरीत बसलाय, निळ्या शर्टातला." तो जावई. तो उठून उभा राहिला. "शाळेचं छप्पर खाली आलं म्हणून मुलं दवाखान्याच्या व्हरांड्यात पाढे म्हणतात. सुतार त्याच्याच शेजारी." सुतारही उठला. बाई एकेक काम सांगत गेल्या आणि गॅलरीत एकेक माणूस उभा राहत गेला.

अध्यक्षआजोबांनी मला हलवले. मी मुकीच.

"वेळ संपली!" वकीलसाहेब ओरडले.

"घंटा कुठे वाजली?" गॅलरीतून कुणीतरी विचारले.

"वाजवली की मी!" म्हणत आजोबांनी मला उलटे केले, तर आत लोकरीची पट्टी!

मावशी पांढऱ्याफटक पडल्या. हात जोडून म्हणाल्या, "चूक माझी, साहेब. नोकरी गेली तरी चालेल, पण मुद्दाम नाही केलं."

"चूक तुमची आणि माझ्या कानांची," आजोबा म्हणाले. "पण वकीलसाहेब, तुमच्या वेळी ही मुकी होती, तेव्हा तुम्हाला बरं चाललं. आता बाईंनाही बावीस मिनिटं. पट्टी राहू द्या."

बाई अठरा मिनिटांतच बसल्या. "मला एवढी पुरे," म्हणाल्या.

मग हात वर झाले. दहा इकडे, दहा तिकडे. वकीलसाहेबांच्याच बाकावरचे किराणावाले काका डोके खाजवत होते. "तो कठडा माझ्या दुकानासमोरचाच आहे," असे पुटपुटत त्यांनी हात वर केला. अकरा! ठराव पास!

"खड्डे खणलेत तर मी पुन्हा उठेन," वकीलसाहेब म्हणाले.

"जरूर उठा," बाई हसल्या. "घंटा तयार ठेवू."

आजोबांनी स्वतः पट्टी सोडली आणि मला वाजवले. तशी मी आयुष्यात कधी वाजले नव्हते. मावशी आणि लेक दारातच एकमेकींच्या गळ्यात पडल्या.

पुढे सभेत विजेची घंटा आली. मी कपाटात धूळ खात काळवंडले. पण नवे छप्पर चढून तुमची शाळा उघडली, तेव्हा निवृत्त होताना मावशींनी एकच गोष्ट मागितली, आणि ती मी होते. त्यांनी मला शाळेला देऊन टाकले. आता रोज त्यांची नात छकुली मला वाजवते.

मित्रांनो, पडून राहिले की घंटा काळवंडते आणि माणूसही. म्हणून मला रोज पुसा, पट्टी आठवणीने सोडा. फक्त, कुणी हळू आवाजात राहिलेले काम सांगत असेल, तर मला हलवायची घाई करू नका. त्याचे पुरते ऐकून घ्या. मग वाजवा, अगदी छप्पर दणाणेपर्यंत! ते पक्के आहे.