सासूबाईंच्या अंगणातला फोन

"ए कुत्र्या! ऊठ मेल्या! त्या माणसाला जाऊन सांग, मुलगी झाली, वारही पडली, पण रक्त थांबत नाहीये म्हणावं!"

कुत्र्यानं एक कान हलवला आणि पुन्हा डोळे मिटले. त्याची तरी काय चूक? स्वयंपाकघराच्या बांबूच्या भिंतीआडून सासूबाई ओरडत होत्या ते कुंपणाबाहेर भिजत उभ्या असलेल्या जावयासाठी, हे त्यालाही एवढ्या वर्षांत कळलं होतं.

आमच्या बेटावर सासू-जावयानं एकमेकांशी बोलायचं नसतं. जावयानं सासूचं नाव घ्यायचं नाही, तिच्या तोंडाकडे बघायचं नाही, आणि तिच्यापेक्षा उंच जागी तर चुकूनही उभं राहायचं नाही. म्हणून आपणही इथे त्यांना सासूबाईच म्हणू. त्यांचं नाव कानावर पडलं तर त्यांचा जावई गराए बिचारा शरमेनं अर्धा होईल. निरोप द्यायचाच झाला तर मध्ये कुणीतरी हवं. एरवी गराएची बायको एतेल असते, ती नसली की कुत्रा, नाहीतर कोंबडी. कुत्र्यामार्फत हुकूम सोडता येतो, गप्पा मात्र मारता येत नाहीत. त्यामुळे सव्वीस वर्षांत या दोघांमध्ये एक धड संभाषण झालेलं नव्हतं.

आणि आज एतेल नव्हती. गावातल्या झाडून साऱ्या बायका चर्चच्या मेळाव्याला ट्रकमध्ये बसून पलीकडच्या किनाऱ्याला गेल्या होत्या. पुरुष वरच्या मळ्यांत. गराएची लेक रोसलिन गरोदर, आणि तिचा नवरा फळं तोडायच्या कामावर न्यूझीलंडला. तिला अजून पंधरा दिवस अवकाश आहे असं सगळे धरून चालले होते, फक्त पोटातल्या बाळाला कुणी विचारलं नव्हतं. कळा सुरू झाल्या तशी ती आजीच्या स्वयंपाकघरात गेली, कारण अर्धं गाव तिथेच जन्माला आलं होतं, आजीच्याच हातावर.

गराए गावच्या दवाखान्याचा सर्वेसर्वा होता. दवाखाना म्हणजे एक खोली, एक बाक आणि एक कपाट. बोटाला सुई टोचून हिवताप आहे का बघणं, जखमा बांधणं, पोरांना गोळी गिळायला लावणं आणि संध्याकाळी खोली झाडणं, सगळं तोच करी. बाळंतपण मात्र बायकांचं राज्य. तिथे त्याचा संबंध नव्हता, आणि जिथे सासूबाई असतील तिथे तर नव्हताच नव्हता.

तीन वर्षांपूर्वी सरकारनं त्याला फोन दिला. दर शुक्रवारी राजधानीला संदेश पाठवायचा: ताप किती, जुलाब किती, कुठली औषधं संपली. सगळ्या बेटांवरून असे संदेश जातात, आणि कुठे साथ उठतेय ते तिकडे बसल्या जागी कळतं. अडचण आली तर सांतो बेटावरच्या मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांना थेट विचारायचं. फोन द्यायला आलेला पोरगा रेंज शोधत गावभर फिरला आणि शेवटी सासूबाईंच्या अंगणात, स्वयंपाकघरासमोरच्या प्रवाळदगडांच्या ढिगावर चढून आनंदानं ओरडला, "काका, इथे एक नंबर आहे! अख्ख्या गावात दुसरीकडे कुठे नाही!"

गराएनं त्याचे आभार मानले आणि तेव्हापासून दर शुक्रवारी तो तासभर चालून, गावाबाहेर जिथे रेंज मिळे त्या समुद्राकडच्या टोकावर जाऊ लागला. सासूबाई खाली चुलीपाशी बसलेल्या आणि आपण त्यांच्या डोक्यावर उभे, हे त्याला स्वप्नातसुद्धा जमलं नसतं. एतेल चिडवायची, "चालायची एवढी हौस आहे, तर एकदा माझ्यासोबत मळ्यात चल की, रताळी उचलायला."

"माझ्या शुक्रवारात तू पडू नकोस," गराए म्हणायचा.

आज शुक्रवारच होता, पण टोकाकडे जायची वाट ओढ्यानं गिळली होती. सकाळपासून पाऊस. वाट मोकळी असती तरी जाऊन येईपर्यंत काय झालं असतं, हा विचारही त्याला करवेना. आतून रोसलिनचा आवाज आला, अगदी बारीक, "बाबा..." लेकीचा तो आवाज ऐकताच त्यानं औषधांची पिशवी काखेत मारली.

तो कुंपण ओलांडून आत आला. दगडांच्या ढिगापाशी जाऊन थबकला. रीत मोडली तर एक डुक्कर दंड. दंडाचं त्याला काही वाटत नव्हतं. पण आतली म्हातारी एका जिवाला धरून बसली असताना तिच्याच अंगणात तिचा मान पायदळी तुडवायचा? दुसरीकडे लेक होती. गराएनं पिशवी दातांत धरली, गुडघे टेकले, आणि पन्नाशीचा तो थोराड गडी ओल्या दगडांवर पालथा पडला. सरपटत वर गेला. गाल दगडाला टेकवला, तोंड समुद्राकडे फिरवलं आणि फोन धरलेला हात तेवढा वर केला. चार रेघा आल्या.

"डॉक्टरसाहेब, गराए बोलतोय. माझी मुलगी. बाळ झालंय, वारही पडलीय, पण रक्त थांबत नाही."

"तिच्याजवळ कोण आहे?"

"आहेत."

"आहेत म्हणजे कोण? नाव काय त्यांचं?"

गराएनं गाल दगडावर आणखी दाबला.

"अहो गराए, नाव सांगा!"

"ज्यांनी माझ्या बायकोला जन्म दिला, त्या," गराए कसाबसा म्हणाला.

डॉक्टर बुले मूळचे शेजारच्याच बेटाचे, ही रीत त्यांना ठाऊक होती. "समजलं. आवाज मोठा करा आणि तुम्ही गप्प राहा. आजी, ऐकू येतंय का? मी डॉक्टर बोलतोय."

"येतंय की," भिंतीआडून आवाज आला. "बहिरी नाही मी."

"बेंबीखाली हात लावून बघा. गर्भाशयाचा गोळा कडक लागतोय की मऊ?"

"मऊ. पपईसारखा. चोळला की आवळतो, सोडला की पुन्हा तसाच."

"मग सोडू नका. चोळत राहा. बाळाला छातीशी लावा. लघवी झाली का तिला?"

"झाली रे. बाळ चिकटलंय कधीचं. माझे हात भरून आलेत, डॉक्टर. पूर्वी दोघी-तिघी असायचो."

शेवटचं वाक्य म्हणताना त्यांचा आवाज कापला. गराएनं सासूबाईंना भांडताना ऐकलं होतं, शिव्या देताना ऐकलं होतं. घाबरलेलं कधी ऐकलं नव्हतं.

"गराए, मागच्या बोटीतून रक्त थांबवायच्या गोळ्या आल्या होत्या ना?"

"पिशवीत आहेत."

"चार द्या. आजी, चारही जिभेखाली ठेवायच्या, गिळायच्या नाहीत."

गराए सरपटतच खाली आला. नारळाच्या करवंटीत गोळ्या ठेवून त्यानं ती काठीनं दाराशी सरकवली आणि पाठ फिरवली. मागे करवंटी उचलल्याचा आवाज आला. तो पुन्हा वर जाऊन पालथा पडला. फोन उंच.

मग बराच वेळ फक्त पाऊस. मध्येच डॉक्टर विचारत आणि सासूबाई उत्तर देत. डोळे उघडे आहेत का? आहेत. बोलतेय का? आज्जे, दुखतंय म्हणून मलाच ओरडतेय. खालचं कापड? अजून भरतंय. डॉक्टर म्हणत, चोळत राहा. पुन्हा कापड? सासूबाई काही बोलल्या नाहीत, आणि त्या तेवढ्या वेळात गराएनं देवाला काय काय कबूल केलं ते त्याचं त्यालाच माहीत.

"कमी झालंय," आतून आवाज आला. मग जरा वेळानं, "डॉक्टर, थांबलं. गोळा घट्ट झाला. दगडासारखा."

गराएनं कपाळ दगडावर टेकवलं. तो रडत होता, पण पावसात ते कुणाला दिसणार?

"शाबास आजी," डॉक्टर म्हणाले. "पाणी पाजा भरपूर. बोट सांगतो, उजाडलं की निघेल. काही वाटलं तर लगेच फोन करा. माझ्यासाठी दुसऱ्या बेटावरचा फोन थांबलाय, ठेवतो." आणि त्यांनी फोन ठेवला. ठेवल्याचा टुंग आवाज अंगणात स्पष्ट ऐकू आला, भिंतीच्या आतसुद्धा.

गराए उठायला लागला.

"डॉक्टर," सासूबाई म्हणाल्या.

तो होता तसाच थांबला.

"डॉक्टर, बाहेर तो माणूस दगडांवर पडलाय ना, त्याला सांगा, पोरीला झोप लागलीय. रंग परत आलाय तोंडावर. बाळाचं नाक त्याच्यासारखं आहे, चपटं. त्याला आता इलाज नाही."

फोन अंधारा झाला होता. गराएनं तो पुन्हा वर धरला.

"डॉक्टरसाहेब, त्यांना सांगा, त्या होत्या म्हणून माझी पोर वाचली."

"आणि त्याला हेही सांगा, दर शुक्रवारी टोकापर्यंत तंगड्या तोडत जातो, ते मला काही कळत नाही असं समजू नये. म्हातारीचा मान ठेवतो, हे दिसतं मला." आत कापड पिळल्याचा आवाज आला. "एतेलला त्याच्या घरी पाठवली तेव्हा मी तीन दिवस जेवले नव्हते. समुद्रापलीकडून इथे येऊन राहिलेला, ना ओळख ना पाळख. डॉक्टर, त्याला सांगा, पोर त्याला दिली ते बरं झालं."

गराएनं ओला, निसटता फोन पुन्हा घट्ट धरला.

"डॉक्टरसाहेब," तो शेवटी म्हणाला, "त्यांना सांगा, ऐकलं म्हणून."

"आणि काही सांगायचंय का विचारा त्याला," आतून आवाज आला. "मी आहे इथेच. पोरीला सोडून कुठे जाणार?"

गराएचा हात खांद्यापासून बधिर झाला होता. त्यानं दुसऱ्या हातानं कोपराला आधार दिला, पण फोन खाली घेतला नाही.