कोंडीरामची केबिन

भीमराजने ट्रक आधी कापला आणि मग मोजला. शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकांवर क्रमांक घालण्यात ज्याची सगळी नोकरी सरली, जो कुलूप लावल्यावरही दोनदा ओढून बघतो, त्याच्या हातून हे झालं.

ट्रक वीतभर लांबीचा, प्लॅस्टिकचा. मूळ जर्मन गाडीचा, सुटे भाग जोडून करायचा किट. आपल्याकडचे जुने ट्रक त्याच घराण्यातले, म्हणून त्याला देशी रूप द्यायचा अपग्रेड सेट भीमराजने मागवला होता. त्यात रेझिनचे, म्हणजे साच्यात ओतून घट्ट केलेल्या राळेचे, थोडेच सुटे भाग होते: नवं बॉनेट, दिवे आणि ड्रायव्हरची सबंध केबिन. प्लॅस्टिकची केबिन कापून काढायची आणि तिथे ही चिकटवायची. पण रेझिन साच्यात सुकताना आकसतं. हे मॉडेल बनवणाऱ्यांच्या क्लबातल्या सगळ्यांना ठाऊक, भीमराजलाही ठाऊक. तरी आनंदाच्या भरात त्याने करवत चालवली, आणि नवी केबिन दोन्ही बाजूंनी तांदळाच्या दाण्याएवढी आखूड निघाली.

रविवारी चिंचवडला क्लबात मारुतरावांनी ते पाहिलं आणि खो खो हसले. ते चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटी खात्यातून निवृत्त झालेले. क्लबात त्यांचा शब्द म्हणजे नियम.

"अहो भीमराजभाऊ, सांगत होतो ना? अपग्रेड सेट म्हणजे जुन्या लुगड्याला नवे काठ! घ्यायचा तर सबंध रेझिनचा किट घ्यावा. चाकापासून टपापर्यंत सगळं एका मापातलं." त्यांनी कपाटातून एक खोका काढून त्याच्यापुढे ठेवला. "माझ्याकडे दोन आहेत. न्या हा. क्लबाच्या प्रदर्शनात मधल्या टेबलावर तुमचाच ट्रक ठेवू. पाटीवर वडिलांचं नाव घालू, मग तर झालं?"

भीमराज "बरं" म्हणाला. तो सगळ्यांनाच "बरं" म्हणत आला होता.

पण पाटीचा शब्द त्याच्या मनात रुतून बसला. त्याचा बाप कोंडीराम दापोडीत ट्रकच्या बॉडी बांधायच्या शेडमध्ये लाकूडकाम करायचा. त्या काळी कारखान्यातून नुसती चासी, इंजिन आणि बॉनेट यायचं. केबिन अशा शेडमध्ये लाकूड-पत्र्यातून उभी राहायची. तयार ट्रकवर मालकाचं नाव पडे, मालकाच्या पोरांची नावं पडत, खाली कोपऱ्यात पेंटरही आपलं नाव टाकून घेई. कोंडीरामचं नाव कधी कुठे पडलं नाही.

घरी खोका उघडला तेव्हा इम्तियाज समोर बसला होता. दापोडीतच त्याचं गॅरेज, आणि दोघांची मैत्री चड्डीत असल्यापासूनची.

"एक नंबर चीज आहे यार," इम्तियाज रेझिनची केबिन उजेडात धरून म्हणाला. "पण ही कुठल्या शेडची?"

"शेडची कसली? किटमधली आहे."

"तेच म्हणतो. तुझ्या बापाची नाही ही. त्याच्या खिडकीला कोपर टेकायला रुंद फळी असायची. ड्रायव्हर लोक मुद्दाम त्याच्याकडे यायचे. शेठ ओरडायचा, लाकूड फुकट जातं म्हणून."

भीमराजने केबिन हातात घेतली. कडा सुरेख, दारं काटकोनात. कोपर टेकवायला तसूभर जागा नाही. हिच्यापुढे बापाच्या नावाची पाटी लावायची, म्हणजे दुसऱ्याच्या कामावर त्याचं नाव घालायचं.

"अपग्रेडमधली तरी कुठे त्याची आहे?" तो पुटपुटला.

"मग बांध की तू."

"मला नाही जमायचं."

"नको बांधू मग. मारुतरावांना विचार, कोंडीरामचाचा कोण होता ते."

ते लागलं. दुसऱ्या दिवसापासून भीमराज आइस्क्रीमच्या काड्या तासायला बसला. दोन्ही रेझिनच्या केबिनी बाजूला सारल्या. चासी त्या कापलेल्या ट्रकचीच ठेवली.

"एवढं आइस्क्रीम कुणी खाल्लं रे?" इम्तियाजने विचारलं. "शुगर आहे ना तुला?"

पहिली केबिन कलली. दुसरीचं टप बसेना. आपल्याला हे येत नाही, हे त्याला रोज नव्याने पटत होतं, आणि रोज तो पुन्हा बसत होता. तिसरी उभी राहिली. देखणी नव्हती, पण उजव्या खिडकीची फळी रुंद होती.

प्रदर्शनाच्या सकाळी त्याने खोका मारुतरावांना परत दिला. मारुतरावांनी लाकडी केबिनकडे वाकून पाहिलं.

"हे काय हो? उजवी फळी डावीपेक्षा रुंद!"

"ड्रायव्हर उजवीकडे बसतो."

"ड्रॉइंग आहे? फोटो?"

"नाही. वडील ड्रायव्हरला बाकावर बसवायचे आणि त्याच्या कोपराखाली पेन्सिलीनं रेघ मारायचे. तेच ड्रॉइंग."

"ऐकायला छान आहे. पण प्रदर्शन आहे हे, भीमराजभाऊ. असा ट्रक अपग्रेडच्या टेबलावर ठेवा, त्या तिकडे, भिंतीला."

"नाही."

आपल्याच तोंडून हा शब्द आला, याची भीमराजला भीती वाटली. तरी त्याने मधल्या टेबलावरची दोन चकचकीत विमानं हलकेच सरकवली आणि मध्ये ट्रक ठेवला. पुढे स्वतः लिहिलेली पाटी उभी केली: 'केबिन बांधणारा कोंडीराम, दापोडी.'

"अहो, हा क्लबाचा नियम आहे!"

"असू द्या. वडिलांची केबिन भिंतीला जाणार नाही. उचलायची तर तुम्ही उचला. मी नाही उचलणार."

मारुतरावांनी हात पुढे केला. भीमराज हलला नाही. दार उघडलं, माणसं आत यायला लागली. मारुतरावांनी हात मागे घेतला. "संध्याकाळी बोलू आपण," ते दबक्या आवाजात म्हणाले.

"बोलू की. ट्रक तोवर इथेच राहील."

एक बाई पाटी वाचून थांबली. "कोणत्या किटमधला आहे हो हा?"

"किटमधला नाही," भीमराज म्हणाला. ते बाईलाच कसंबसं ऐकू गेलं. त्याने खाकरून पुन्हा सांगितलं, या वेळी मारुतरावांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.