खुंटीवरचा उसना कोट

मित्रांनो, मी एक जुना काळा कोट आहे. बुलढाण्याला कोर्टाजवळ वैजनाथराव वकिलांचं ऑफिस आहे, तिथल्या खुंटीवर माझा मुक्काम असतो. सगळे मला उसना कोट म्हणतात. म्हणोत बापडे. आज माझा आनंद अस्तरात मावत नाहीये, आणि तो सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

माझा जन्म खामगावचा. तिथल्या एका शिंप्यानं मला वैजनाथरावांच्या मापानं शिवलं. तेव्हा ते नुकते वकील झाले होते आणि अंगानं अगदी काडी होते. मला घालून ते पहिल्यांदा कोर्टात उभे राहिले, तेव्हा त्यांच्या छातीची धडधड माझ्या बटणांपर्यंत येत होती. पुढे वकिली चालली, घरचं जेवणही अंगी लागलं, आणि माझं बटण काही केल्या लागेना. त्यांनी नवा कोट शिवला. मला मात्र टाकून देववेना म्हणून खुंटीला अडकवलं. तेव्हापासून ऑफिसात शिकायला आलेला जो कोणी कोट विसरेल, त्याच्या अंगावर मी चढायचो. गरज सरो वैद्य मरो, तसं काम झालं की मला खुर्चीवर फेकायचे. गेली काही वर्षं तर वकिलांचे मुन्शी ज्ञानेश्वरभाऊ यांनी माझ्याकडे प्रिंटर झाकायचं काम दिलं होतं. कोर्टात उभं राहण्यासाठी जन्मलेला मी, प्रिंटरवर धूळ खात पडलो. मला फार वाईट वाटायचं.

मग पूनम आली. जानेफळची ही मुलगी कायदा शिकत असतानाच वैजनाथरावांकडे काम शिकायला येऊ लागली. परीक्षा झाली, सनद मिळाली, तरी शिकणं काही संपलं नाही. सर तिला रोज कोर्टात पाठवत, पण काम एकच. "साहेब, सर दुसऱ्या कोर्टात आहेत, तारीख मिळावी," एवढं म्हणायचं आणि परत यायचं. नव्या वकिलाची बाराखडी इथूनच सुरू होते. पूनमच्या तोंडात ते वाक्य इतकं बसलं होतं, की ज्ञानेश्वरभाऊ तिला चिडवायचे, "ताई, लग्नाच्या मांडवात भटजीलेही तारीखच मांगसान तुमी."

आता गंमत ऐका. उन्हाळ्यात इथल्या कोर्टात काळ्या कोटाला सुटी असते. ती सुटी संपते त्या सकाळी कोट विसरणं अगदी सोपं. यंदा विसरली पूनम. तिचा नवाकोरा कोट जानेफळला घरी पेटीत, आणि ती पांढऱ्या ड्रेसवर गळ्याला वकिलांचा पांढरा बँड लावून ऑफिसात हजर. नेमका तेव्हाच सरांचा फोन आला. खामगावहून येताना त्यांची गाडी घाटात बंद पडली होती.

"पुष्पाबाईंच्या अर्जावर तूच बोल," सर म्हणाले. "वकीलपत्रावर माझ्या खाली तुझंही नाव आहे."

पुष्पाबाई समोरच बसल्या होत्या. त्यांच्या शेतात जायला एकच गाडीवाट, आणि तिच्या तोंडाशी शेजारच्या उकंडरावांनी खांब रोवले होते. आज कोर्टानं उकंडरावांना अडवलं नाही, नुसती पुढची तारीख पडली, तर मधल्या दिवसांत तारा ओढल्या जाणार आणि पुष्पाबाईंची पेरणी राहणार.

"तारीख मांगू नको वं माय," त्या म्हणाल्या. "मंग बैलं कुठून नेऊ मी?"

पूनमची पाचावर धारण बसली. ज्ञानेश्वरभाऊंनी मला उचललं, दोनदा झटकलं आणि तिच्या अंगावर चढवलं. अंगापेक्षा बोंगा मोठा. बाह्या पार बोटांपर्यंत आल्या. पण मित्रांनो, माझी अवस्था काय सांगू? इतक्या वर्षांनी पुन्हा कोर्टाच्या पायऱ्या, आणि आतून तीच धडधड. मला तर वाटत होतं, आपणच आधी धावत वर जावं.

पुकारा झाला. समोरचे वकील शांतपणे उठले. "साहेब, उत्तर द्यायला वेळ मिळावा. वाट कोणी बंद करत नाही. एवढी घाई कशाला?"

साहेबांनी पूनमकडे पाहिलं. पूनमनं तोंड उघडलं आणि सवयीनं शब्द बाहेर पडला, "साहेब, तारीख..."

मागे पुष्पाबाईंनी डोळे मिटून घेतले. मला हात असते तर मी पूनमला चिमटा काढला असता.

पूनम थांबली. तिनं माझ्या बाह्या कोपरापर्यंत सारल्या. रोज तारखा मागताना तिनं एक गोष्ट पाहिली होती. वेळ मागणाऱ्याला साहेब नेहमी विचारतात, मधल्या दिवसांत काय करणार?

"तारीख त्यांना जरूर द्यावी, साहेब," ती म्हणाली. "आमची हरकत नाही. वाट बंद करायची नाहीच, तर तोपर्यंत तार ओढणार नाही, एवढं त्यांनी आत्ता लिहून द्यावं."

समोरचे वकील आपल्या पक्षकाराकडे वळले. उकंडराव तोवर उभे राहिलेच होते. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

"लिहून काऊन देऊ साहेब? तारा तं आनून पडल्या हायेत. उद्या मानसं येऊन राह्यले."

वकिलांनी त्यांना हाताला धरून खाली बसवलं, पण जे ऐकायचं ते साहेबांनी ऐकलं होतं. पुढच्या तारखेपर्यंत वाट आहे तशी मोकळी ठेवावी, असा हुकूम झाला.

बाहेर आल्यावर पुष्पाबाईंनी माझ्या बाहीसकट पूनमचा हात धरला. "जातो वं पोरी," त्या म्हणाल्या. "आजच बैलं जुपतो." पूनम हसत होती आणि डोळेही पुसत होती, तेही माझ्याच बाहीला. मला काही वाईट वाटलं नाही.

सर पोचले ते धापा टाकतच. "काय झालं?"

"तारीख पडली, सर."

सरांचा चेहरा उतरला. तेव्हा पूनम म्हणाली, "पण वाट मोकळी राहिली."

सर खुर्चीत बसले आणि पोट धरून हसले. म्हणाले, "हा कोट आता तूच ठेव."

"नको सर, माझा मी घरून आणीन. हा इथंच असू द्या."

तिनं माझं उसवलेलं अस्तर शिवलं, ब्रशनं धूळ काढली आणि मला खुंटीवर लावलं. प्रिंटरला दुसरं काहीतरी बघा, असं भाऊंना बजावलं. जाताना तिनं एक धुतलेला बँड घडी करून माझ्या खिशात ठेवला. तो तिच्यासाठी नव्हता.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा. जपायचं म्हणजे कपाटात कोंडायचं नव्हे. त्या दुसऱ्या कुणाच्या कामी येतील अशा ठेवायच्या. ऑफिसात परवाच एक नवी मुलगी शिकायला आली आहे आणि मी तिचे खांदे मनातल्या मनात मापून घेतले आहेत. पोरी, खुशाल विसरून ये. मी तयार आहे.