पिंपाला छत्री

पावसाने भर दुपारी घराघरांत दिवे लावायला लावले होते, आणि नेमकं आजच पिंप वर न्यायचं होतं.

वर म्हणजे गल्लीच्या टोकाला, काकूंच्या तळघरात. गावात द्राक्षं सगळेच लावतात, वाइनही घरोघर होते, पण काकूंचं तळघर म्हणजे कसोटीचा दगड. त्यांनी एखाद्याचं पिंप घेतलं की बाकीचे त्याची पिंपं डोळे मिटून घेतात. त्यांनी नाक मुरडलं, की त्या पिंपात पावसाचं पाणीसुद्धा कुणी साठवत नाही.

काकूंची अट सोपी होती. पिंपात पाणी घालायचं, बूच ठोकायचं आणि भर गल्लीतून लोटत वर आणायचं. "मागे ओली रेघ उमटली नाही तर घेते. उमटली तर तुमचं तुम्ही बघा."

अट घालायचं कारण, हे पिंप पिंपवाल्यांच्या सुनेनं केलेलं.

मामंजींचे हात हल्ली थरथरत. मुलाला लाकडाचा भुसा सोसत नसे. तो कारखान्यात आला की आधी शिंक यायची, मग तो. उरली सून. फळ्या तासणं, जाळावर वाकवणं, लोखंडी कड्या ठोकून बसवणं, सगळं ती शिकली. मामंजी शिकवत कमी, कुरकुरत जास्त. ती "दोन ठोके" म्हणाली की ते "तीन" म्हणत, आणि तीनच पडत. कालही त्यांनी तोडून सांगितलं होतं, "रेघ उमटली तर तुझा हातोडा खुंटीला. मग टिपं गाळत बसायचं नाही."

"आणि नाही उमटली तर?"

"आधी वर तर पोच."

*

अडचण:

पावसात ओली रेघ दिसते का?

*

मामंजी दारातून हात बाहेर काढून पाऊस जोखत होते. मिश्यांखाली हसू होतं. "नशीब काढलंस हो सूनबाई. गळलं तरी कुणाला कळायचं नाही."

पाण्याची बादली ओतायला उचललेला तिचा हात तसाच राहिला.

"म्हणजे नाही गळलं तरी कुणाला कळायचं नाही."

"अगं, मग चांगलंच की!"

"चांगलं कसलं? जन्मभर म्हणतील, पाऊस होता म्हणून सुटली."

कोपऱ्यात एक बरणी होती. दुरुस्तीला आलेल्या जुन्या पिंपातून खरवडलेला लाल वाइनचा गाळ तिच्यात साठला होता. दाट, जांभळा, बोटाला लागला तर आठवडाभर बोट सोडत नाही असा. तिने अख्खी बरणी पिंपात उपडी केली.

"अगं, अगं! डोकं ठिकाणावर आहे का? आता थेंब जरी सुटला तरी गल्लीभर दिसेल!"

"दिसू दे."

वर बादल्या ओतल्या. बूच ठोकलं. दोन ठोके.

"तीन," मामंजी म्हणाले.

तिसरा पडला.

*

गल्लीविषयी थोडं.

गल्ली चढाची आहे, फरसबंदी आहे, आणि तिच्या एका कडेने उघडं गटार वाहतं. ते प्रत्येक दारावरून जातं. वर कुणी अंगण धुतलं तर खाली साबणाचा वास येतो. कुणाकडे भांडण होऊन काही फुटलं तर कपाचा कान वाहत खाली पोचतो, आणि भांडण मिटायच्या आत समजूत घालायला माणसं वर जातात. अशा गावात पिंपात लाल घातलंय ही बातमी पिंपाच्या आधी निघाली. त्यामुळे ती पिंप लोटत बाहेर पडली तेव्हा तिच्याकडे कुणीच बघत नव्हतं. दाराखिडक्यांतून, छत्र्यांखालून, सगळं गाव गटाराकडे बघत होतं.

*

"काय दिसतंय का गं?"

"अजून तर स्वच्छ आहे."

"आत्ता कुठे निघालीय. वळणावर बघ."

"सासऱ्याची दया येते बाई."

"सासऱ्याची? लोटतेय ती!"

*

ती लोटत होती, मामंजी मागून चालत होते. ती दम खायला थांबली की ते पिंपाखाली लाकडी पाचर सरकवत. एका हातात दोरी बांधलेली पाचर, दुसऱ्या हातात छत्री. छत्री त्यांनी धरली होती पिंपावर.

"मामंजी, ओलं राहायलाच केलंय ते."

"सवय गं. नवं लाकूड भिजलेलं बघवत नाही." पण छत्री काही हलली नाही. सून नखशिखांत निथळत होती.

न्हावी दुकानाच्या पायरीवर उभाच होता. खांद्यावर पांढरा टॉवेल, आत खुर्चीवर अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक तसंच टाकलेलं. "काय वहिनी, पिंपाला छत्री आणि तुम्ही ओल्या?"

"पिंप नवं आहे, दादा. मी जुनी झाले."

"आणि स्वारी निघाली कुठे?"

"फिरायला. दुपारभर घरात बसून फुगलंय ते."

"गटार लाल झालं तर ओरडून सांगतो हो!"

"सांगा की. आणि नाही झालं तर तेही ओरडूनच सांगा."

आतलं गिऱ्हाईक हसलं. हसता येईल तेवढ्या गालाने.

*

वळण.

इथे चढ अंगावर येतो. दंड भरून आले, बोटांना लाकूड आहे की दगड ते कळेना. पिंप एका पायरीच्या कोपऱ्यावर आपटलं. ठण्ण.

"थांब. काहीतरी वाजलं."

"कडी वाजली."

"की फळी?"

तिने गाल पिंपाला लावला. आत पाणी डुचमळत होतं. प्रत्येक सांध्यावरून तळवा फिरवला. तळवा ओला झाला, पण पावसात कोणता तळवा कोरडा राहतो? तिने हात डोळ्यांसमोर धरला. लाल नव्हता.

"चला," ती म्हणाली.

*

"लाल!"

*

आधी एक आवाज, मग गल्लीभर. "लाल! अरे लाल आलं! गटार बघा!"

मामंजींच्या हातून पाचर सुटली आणि दोरीला लोंबत राहिली. सुनेनं पिंपाला पाठ लावून ते अडवून धरलं आणि मान वळवून खाली पाहिलं. तिच्या पायांशी, गटारात, लाल धार. पातळ पण खरी. खाली न्हाव्याच्या दारापर्यंत गेलेली.

"झालं," मामंजी पुटपुटले. एवढंच. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच तिला जास्त लागलं.

संपलं सगळं. हातोडा खुंटीला. ती खाली वाहणारी धार बघत राहिली, आणि मग, का कोण जाणे, वर बघितलं.

धार वरही होती.

पिंपाच्या पुढे, चढावर, जिथे ती अजून पोचलीच नव्हती, तिथून ती येत होती.

तिने पोटातून श्वास घेतला आणि अशी ओरडली की खालच्या टोकाच्या कुत्र्याने उत्तर दिलं. "काय हो मंडळी! पाणी कधीपासून चढ चढायला लागलं?"

गल्लीभर माना वर वळल्या.

"वरून येतंय ते! वरून! मामंजी, लावा हात!"

आणि मामंजींनी छत्री टाकून थरथरते दोन्ही हात पिंपाला लावले.

*

धार काकूंच्याच फाटकातून येत होती. कमानीखाली जुनी भरलेली पिंपं तळघराच्या साफसफाईसाठी बाहेर काढून ठेवली होती, आणि त्यांतलं एक बुडाशी मुसमुसून रडत होतं. काकू परात घेऊन धावत होत्या. "माझी जुनी वाइन! अगं बाई, ओता कुठेतरी! रिकामं पिंप एक नाही घरात!"

मामंजींनी बाहीने त्या पिंपाचं तोंड पुसलं. लाकडावर डागलेली पाकोळी दिसली. त्यांची खूण.

तोवर अर्धी गल्ली कमानीत शिरली होती. ते गप्प बसले असते तर कुणाचं लक्षही गेलं नसतं.

"माझं आहे हे," ते मोठ्याने म्हणाले. "हात धड होते तेव्हाचं."

"पिंपवाले, वय झालं की सगळ्यांचेच सांधे कुरकुरतात," काकू म्हणाल्या, आणि सुनेकडे वळल्या. "तुझं दाखव."

न्हावी टॉवेल घेऊन वर आलाच होता. काकूंनी तो ओढून घेतला, नवं पिंप पुसून कोरडं केलं. सगळे थांबले. वर पाऊस कौलांवर बडवत होता. मग काकूंनी टॉवेलची कोरडी बाजू काढली आणि सांधा न् सांधा, बूड, तोंड, बुचाची कड, सगळीकडून दाबून फिरवली. टॉवेल उजेडात धरला.

पांढरा.

"ओत आतलं," काकू म्हणाल्या. "धू. आणि भर माझी वाइन."

तिने बूच काढलं, पिंप कलंडवलं. इतका वेळ कोंडलेला लाल लोंढा भसाभसा गटारात पडला आणि गल्लीतून खाली सुटला.

खालून लगेच कल्ला. "फुटलं! फुटलं! गेलं पिंप!"

न्हावी कमानीबाहेर गेला, तोंडाला हातांचा कर्णा केला आणि सगळा पाऊस तोडून ओरडला, "गप बसा रे! ओतलंय ते! गळलं नाही! ऐकलंत का? एक थेंब गळला नाही!"

आणि मग, कुणी न सांगता, पुन्हा एकदा. "एक थेंब नाही!"

*

उतारावर जुनं पिंप रिकामं होतं, हलकं होतं, आणि गडगडत पळायला बघत होतं. सून त्याला पायाने अडवत चालली होती. पाऊस चालूच होता. दारादारांतून लोक आता तिच्याकडे बघत होते, गटाराकडे नाही. मामंजींनी वळणावर पडलेली छत्री उचलली होती. तिची एक काडी मोडली होती. जरा वेळ ती कुठे धरावी ते त्यांना सुचेना. शेवटी त्यांनी ती जुन्या पिंपावर धरली.

"काकूंनी आणखी पिंपं सांगितलीत," ती म्हणाली. "पण आधी याला खोलते. दोन फळ्या बदलल्या की उभं राहील."

"तीन."

"दोन, मामंजी."

मामंजी थांबले. वाकले. थरथरतं बोट एका सांध्यावरून फिरवलं, दुसऱ्यावरून, तिसऱ्यापाशी बराच वेळ रेंगाळलं.

"बरं," ते म्हणाले. "दोन."