दुखायची वेळ

थोरला येणार हे कळल्यापासून धाकट्याला एकच काळजी लागली होती. आपल्याला दुखत नव्हतं.

सकाळीच त्याच्या मोठ्या आतड्यातली गाठ काढली होती. पोटावर चांगली वीतभर चीर, तिच्यावर पांढरी पट्टी. एवढं पोट फाडल्यावर माणूस तडफडणारच, असं त्याच्या बायकोनं आदल्या दिवशी जाऊबाईंना फोनवर सांगून ठेवलं होतं. ते ऐकूनच थोरला अकरा वर्षांनी धाकट्याचं तोंड बघायला निघाला होता.

भांडण तसं मोठं नव्हतं. धाकट्याचं चष्म्यांचं दुकान, आणि थोरला सुतार. त्यानं दुकानाला काउंटर बनवून दिलं आणि धाकट्यानं चार गिऱ्हाइकांसमोर त्यावर पाणसळ ठेवून बघितली. बुडबुडा बरोबर मध्यावर थांबला, पण तोवर थोरला पायऱ्या उतरून गेला होता.

आता तो येणार, आणि धाकटा उशीला टेकून घोट घोट पाणी पीत बसलेला. यात सगळा दोष भुलीच्या डॉक्टरीणबाईंचा. ऑपरेशन संपता संपता त्यांनी सोनोग्राफीत बघून त्याच्या दोन्ही कुशींत, स्नायूंच्या थरांमध्ये, एकेक इंजेक्शन दिलं होतं. "पोटाच्या भिंतीच्या नसा उद्या दहाच्या सुमारापर्यंत झोपून राहतील," असं त्यांनी आधीच समजावलं होतं. "पुढे औषधं आहेतच. दुखलं की सांगायचं. सोसत बसायचं नाही." आत कुठेतरी जड जड वाटत होतं, नाही असं नाही. पण नुसत्या जड वाटण्यासाठी कोणी अकरा वर्षांचा अबोला मोडत नाही.

थोरला आला आणि दारातच थांबला.

"हा तर माझ्याहून बरा दिसतोय," तो भावजयीला म्हणाला.

"आत्ता दिसताहेत, भाऊजी."

"तडफडतोय म्हणाली होतीस."

"तडफडणार होते."

"मग तडफडल्यावर कळव," म्हणत त्यानं पिशवी खांद्याला लावली.

"आई गं," धाकटा म्हणाला. ते फारच बारीक निघालं, म्हणून त्यानं पुन्हा एकदा नीट म्हटलं.

थोरल्यानं पिशवी खाली ठेवली आणि तो स्टुलाच्या कडेवर टेकला.

पुढचा अर्धा तास असाच गेला. थोरल्याचा हात पिशवीकडे गेला की धाकटा कण्हायचा. मधल्या वेळात बोलणंही व्हायचं.

"केस गेले की रे तुझे."

"अकरा वर्षं झाली, दादा."

"माझे नाही गेले."

चौथं कण्हणं सिस्टरच्या कानावर गेलं. ती तक्ता घेऊन आली. "काका, दहापैकी किती दुखतंय?"

थोरला बघत होता. पाच म्हटलं तर हा उठून जाईल, असं धाकट्याला वाटलं. "नऊ."

"कुठल्या बाजूला?"

याचा विचार त्यानं केला नव्हता. थोरला उजवीकडे बसला होता. "उजव्या."

पाच मिनिटांत डॉक्टरीणबाई डोक्यावरच्या थिएटरच्या टोपीसकट धावत आल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. "उजवं नीट बसलेलं दिसत नाही. तपासते. नस झोपलेली असेल तर गार कळणार नाही. गार लागलं, तर मात्र पुन्हा सुई. डोळे मिटा."

धाकट्यानं डोळे मिटले. सुईला तो लहानपणापासून घाबरायचा, पण आता माघार घेण्यात अर्थ नव्हता. स्पिरिटचा बोळा आधी खांद्याला लागला.

"गार," तो म्हणाला. मग थोडं थांबून, "गार. अगदी गार. आई गं."



"काका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मी पोटाला अजून हात लावलेला नाही."

त्यानं डोळे उघडले. बोळा हवेत होता. थोरला आधी बोळ्याकडे आणि मग त्याच्याकडे बघत होता. बायको खिडकीबाहेर बघत होती, जिथे शेजारच्या इमारतीची भिंत सोडून काही नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी मग रीतसर बोळा फिरवला. पोटावर त्याला काहीच कळलं नाही, आणि त्यानं तसं सांगितलं.

"दोन्ही बाजू छान झोपल्यात!" त्यांचा जीव भांड्यात पडला.

"म्हणजे याला दुखत नाही," थोरला म्हणाला.

"उद्या दहाच्या सुमाराला थोडं सुरू होईल."

थोरल्यानं पिशवी उचलली. धाकटा या वेळी कण्हला नाही. कुठल्या तोंडानं कण्हणार?

"मग दहाला येतो," थोरला म्हणाला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी तो नऊलाच आला. स्टूल भिंतीशी ओढून बसला.

"अजून नाही?"

"अजून नाही, दादा."

दहाला त्यानं पुन्हा विचारलं. नव्हतंच. मग तो आपल्या गुडघ्यांबद्दल सांगायला लागला. दोन गुडघे होते, त्यामुळे बराच वेळ पुरले. सव्वादहाच्या सुमाराला पट्टीखाली काहीतरी ओढल्यासारखं झालं, आणि बघता बघता कोणी तापलेली तार फिरवावी तसं वरपासून खालपर्यंत गेलं. तेवढ्यात सिस्टर आली.

"काका, किती?"

काल नऊ सांगून झाले होते. आज खरं सांगून कोण विश्वास ठेवणार? आणि तेही याच्यासमोर? "दोन," धाकटा म्हणाला.

सिस्टरनं तक्त्यावर पेन टेकवलं. थोरला डाव्या गुडघ्यावर आला होता, तो मध्येच थांबला. चादरीखाली धाकट्याच्या पायांचे अंगठे आवळलेले दिसत होते.

"सिस्टर, याला दुखतंय."

"ते तर दोन म्हणाले."

"त्याचं काय ऐकता? खोटारडा आहे तो. सात लिहा."

"साडेसहा," धाकटा दातांवर दात दाबून म्हणाला.

"सात," थोरला म्हणाला, आणि त्यानं स्टूल पलंगाला लावून घेतलं. सिस्टरनं सात लिहिले आणि ती औषध आणायला गेली.