मी न दाखवलेली मोकळी जागा

घुग्घुसच्या आमच्या संगणक वर्गात, खिडकीजवळच्या कीबोर्डवर टॅबचे बटन दाबले की ते इतर बटनांसारखे लगेच वर येत नाही. किंचित थांबते, मग येते. कधी खालीच राहते. त्याच्याखाली खाणीकडून उडत येणारी कोळशाची बारीक पूड बसली आहे. असे झाले की मुले टॅबचा नाद सोडतात आणि स्पेसबार चार वेळा दाबतात. पडद्यावर दोन्हींनी तेवढीच मोकळी जागा दिसते.

मित्रांनो, ती जागा दाखवणारा मी. मी एक जुना कोड एडिटर आहे. संगणकाला द्यायच्या सूचना ज्या पानावर लिहितात, ते पान म्हणजे मी.

संगणकांची स्मरणशक्ती अगदी थोडी होती, त्या काळात मला घडवले. म्हणून मी हलका आहे, चटकन उघडतो. आमचे खुशाल सर चंद्रपूरला सी भाषा शिकले ती माझ्यावर. पुढे त्यांनी इथे वर्ग काढला आणि मला प्रत्येक संगणकात बसवले. सी भाषेत ओळ कुठून सुरू झाली याला महत्त्व नसते. कंस आणि अर्धविराम जागेवर असले की पुरे. ते मी चोख दाखवत असे. वीज गेली तरी लिहिलेले जपून ठेवत असे. सर कौतुकाने म्हणत, "हा एडिटर म्हंजे आपला जुना बैल. वाटेत कधी बसत नाई."

मग वर्गात पायथन ही नवी भाषा आली. तिच्यात कोणती ओळ कोणत्या ओळीच्या पोटात आहे, हे ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागाच सांगते. टॅब हे एक चिन्ह आणि चार स्पेस ही चार चिन्हे. डोळ्याला दोन्ही सारखी, पायथनला मुळीच नाहीत. नवे एडिटर टॅबच्या जागी बाण आणि स्पेसच्या जागी ठिपका दाखवू शकतात, किंवा टॅबचे आपणच स्पेस करून टाकतात. मला यातले काही येत नाही. सरांचा जुना विद्यार्थी प्रणित याने नागपूरहून फोनवर सांगितले होते, "सर, पायथनसाठी तरी एडिटर बदला." सर म्हणाले, "पाहू, दिवाळीनंतर." दिवाळी गेली, होळीही गेली.

खिडकीजवळ दामिनी बसते. तिचे वडील खाणीत पाळीवर जाताना मोटारसायकलवरून तिला सोडतात. बारावीनंतर संगणकच शिकायचा, असे तिने घरी मोठ्या हिमतीने सांगितले होते. पण तिचा प्रोग्राम काही चालेना. ओळींची जागा जुळत नाही, असा संदेश येई. ती पडद्याला नाक लावून बघे. मी तिला सरळ, सारख्या ओळी दाखवत असे.

"डोळे उघडून पाह्य ना," सर म्हणत. "डोक्यात कोळसा भरला का?"

वर्ग हसे. दामिनीही हसे आणि सगळे पुसून पुन्हा लिही. पुन्हा टॅब अडके, पुन्हा स्पेस, पुन्हा तोच संदेश. एकदा ती अगदी हळू म्हणाली, "माह्यंच चुकत असन." त्या क्षणी मला जी लाज वाटली, ती सांगता येणार नाही. चूक माझ्या पानावर होती, माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मी ती झाकून ठेवत होतो. मला बोलता आले असते, तर मी पहिल्यांदा तिची माफी मागितली असती.

मित्रांनो, नवी भाषा शिकायला बसाल तेव्हा एडिटर सवयीचा आहे म्हणून घेऊ नका. तुम्ही जे लिहिले ते जसेच्या तसे दाखवणारा घ्या. आणि आपल्याला डोके नाही असे ठरवण्याआधी, हातातले साधन एकदा तपासा.

काल दामिनी दप्तर न उघडताच उभी राहिली.

"सर, मी उद्यापासून येत नाई. घरी सांगतो, मले नाई जमत."

"काऊन नाई जमत? सरक तिकडं. दोन मिनिटांचं काम हाये." सर तिच्या खुर्चीवर बसले. भराभर ओळी लिहिल्या. टॅब अडकले. त्यांनी चिडून स्पेसबार दाबला, पुढे लिहिले आणि प्रोग्राम चालवला. तोच संदेश आला. त्यांनी पुसले, पुन्हा लिहिले. पुन्हा तोच.

मागच्या संगणकावरून रुपाली म्हणाली, "सर, आता कोनाले रागावता?"

कुणी हसले नाही. सरांनी बाणाच्या बटनाने ओळींवर कर्सर सरकवला; एकीत तो एका उडीत पुढे गेला, दुसरीत चार पावले चालला, आणि त्यांनी माझ्याकडे पाहिले. इतक्या वर्षांची ओळख. मला त्यांची नजर सोसवेना. मग ते खुर्चीवरून उठले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले,

"दामिनी, चूक तुही नव्हती. मले प्रणितनं सांगतलं होतं, म्याच ऐकलं नाई. बस इथी. आजपासून पायथनले हा एडिटर बंद."