आज दुकान बंद आहे

मी एक जुनी कडी आहे, मित्रांनो. बाथरूमच्या दाराची, आतल्या बाजूची, आडवी सरकणारी. तुम्ही म्हणाल, कडीच्या आयुष्यात सांगण्यासारखं असून असून काय असणार? इकडे सरकली की बंद, तिकडे सरकली की उघड. मलाही आधी तसंच वाटायचं. पण ज्या घरात लहान मुलं असतात, तिथे कडीलाही रोज सकाळी एकच उत्सुकता असते, की आज काय!

सुतारकाकांनी मला या दारावर बसवलं तेव्हा घरात फक्त आई आणि बाबा होते. त्यांना तेव्हा आई-बाबा कुणी म्हणत नव्हतं, ही गोष्ट वेगळी. काकांनी मला दोन-तीनदा सरकवून पाहिलं आणि म्हणाले, "माल पक्का आहे, वहिनी. दार मोडेल, पण ही मोडायची नाही." त्या कौतुकावर मी कितीतरी वर्षं फुगून होते. दिवस सरळ होते. आई आठवणीने मला तेलाचा थेंब द्यायची.

मग ताई आली आणि तिच्या पाठीवर गुंड्या. तेलाचा थेंब बंद झाला. माझी तक्रार नाही. आईला स्वतःच्या केसांना तेल लावायला सवड मिळत नव्हती, तिथे माझी काय कथा! पण गंमत सुरू झाली. कधी माझ्या टोकाला ओला मोजा लटकलेला असायचा, कधी मला कुणीतरी टूथपेस्ट भरवलेली असायची. एकदा तर मला ताप आला, असं दोघांनी ठरवलं आणि माझ्या अंगावर दुपारभर ओला रुमाल ठेवला. आई ठरवायची एक आणि व्हायचं भलतंच.

हे सगळं मात्र मी दारावर खाली आल्यानंतरचं. झालं असं, की ताई शाळेत जायला लागली आणि हट्टाला पेटली. "माझी मी कडी लावणार!" तिचा हात पोचेना, म्हणून बाबांनी माझे स्क्रू काढून मला तिच्या खांद्याइतकं खाली आणलं. गुंड्या तेव्हा रांगत होता. हा कधीतरी उभा राहील, हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

ताईने मग बाथरूमचं दुकान केलं. ती आत कडी लावून बसायची आणि गुंड्या बाहेरचा गिऱ्हाईक. त्याने दार वाजवलं की ती ऐटीत सांगायची, "आज दुकान बंद आहे!" बिचारा दाराला टेकून बसायचा. तसा तो टेकला की मी कोयंड्यात घट्ट आवळली जायचे, कारण दार आत उघडणारं आणि जरा खाली बसलेलं. मग ताईच ओरडायची, "टेकू नकोस रे, कडी अडकते!" तो बाजूला झाला की मी सुटायचे आणि त्याला एक साबण मिळायचा. गुंड्यालाही एकदा दुकानदार व्हायचं होतं, पण त्याला विचारतो कोण!

एके दिवशी आईने त्याच्या आंघोळीसाठी कढत पाण्याचा नळ सोडला आणि टॉवेल आणायला ती बाहेर गेली. तेवढ्यात गुंड्याने आतून दार लावलं आणि टाचा उंचावून तो माझ्यापाशी पोचला. दोन इवल्या ओल्या हातांनी त्याने मला ढकललं. मी सरकले. काय करणार, सरकणं हेच माझं काम!

"गुंड्या! दार उघड, राजा!" आईच्या तोंडचं पाणी पळालं. बाबा धावत आले आणि दाराला खांदा लावून ढकलू लागले. ते जितके ढकलत, तितकी मी आवळत गेले. गुंड्याने मला ओढून पाहिलं, मी हलले नाही. तो घाबरून रडू लागला. मागे बादली भरून वाहू लागली होती आणि वाफाळतं पाणी फरशीवरून त्याच्या पावलांकडे सरकत होतं. मित्रांनो, त्या दिवशी मला माझ्या पक्केपणाचा पहिल्यांदा राग आला.

"मी दार तोडतो," बाबा म्हणाले.

"अहो, तो दारामागेच उभा आहे!" आई रडवेली झाली.

तेव्हा ताईचा आवाज आला. "बाबा, ढकलू नका ना! कडी अडकते!"

बाबा थबकले आणि मागे झाले. दार सैल झालं, तशी मीही सैल झाले. पण गुंड्या आता मला हात लावेना. ताईने हळूच टकटक केली.

"दुकानदार, ओ दुकानदार! एक साबण द्या."

रडणं थांबलं. मी कान टवकारले. आतून हुंदका देत, पण भलत्याच रुबाबात उत्तर आलं, "आज दुकान बंद आहे!"

बाबांनी कपाळाला हात लावला. आई रडता रडता हसली. ताई मात्र शांत होती. ती म्हणाली, "बरं. मग मी दुसऱ्या दुकानात जाते."

गुंड्या एक क्षण विचारात पडला. हातचं गिऱ्हाईक जातंय म्हणजे काय! त्याने मला धरलं आणि ओढलं. जीव एकवटून मी सरकले. आईने दार लोटलं आणि त्याला उचललं, तेव्हा पाणी त्याच्या टाचांपाशी येऊन पोचलं होतं. त्याच्या हातात साबण होता. "पैसे?" त्याने ताईला विचारलं.

संध्याकाळी सुतारकाकांनी मला पुन्हा वर नेलं. आईने न विसरता तेलाचा थेंब दिला. खाली माझ्या जुन्या स्क्रूंची भोकं राहिली आहेत. गुंड्या रोज त्यांत बोट घालतो आणि मान वर करून माझ्याकडे बघतो.

मित्रांनो, तुमच्या घरच्या कडीला अधूनमधून तेल द्या, आणि घरात नवं माणूस आलं की ती कुठे बसवली आहे हे एकदा पाहून घ्या. आणि कधी एखादं दार उघडेना, तर ढकलण्याआधी टकटक करून पाहा. आतल्या दुकानदाराला बहुतेक एक गिऱ्हाईकच हवं असतं.